पिवळ्या झेंड्याच्या अलीकडे

“कुठे गेला?” भाऊजींनी मान वर न करताच विचारलं. हातातला गोल्फचा क्लब डाव्या खांद्यावरून मागे गेलेला, कंबर वळलेली, उजवी टाच उचललेली, आणि डोळे मात्र जिथून चेंडू उडाला त्या रबरी टीवर खिळलेले.

“सरळ,” ताई बाकावरून म्हणाली. “पिवळ्या झेंड्याच्या जरा अलीकडे पडला.”

“हं,” भाऊजी म्हणाले आणि वाकून टोपलीतला पुढचा चेंडू घेतला.

मी थर्मासचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. चेंडू सरळ गेलाच नव्हता. निघतानाच तो उजवीकडे निघाला, पुढे जाऊन आणखी उजवीकडे वळला आणि ट्रॅक्टरच्या शेडजवळच्या जाळीत जाऊन आदळला. मला हसूच आलं. म्हटलं, वा गं ताई, नवऱ्याचं मन राखायचं तर किती राखायचं!

पुढचाही तसाच गेला. त्याच्या पुढचाही. भाऊजी दर वेळी विचारायचे, “कुठे गेला?” आणि ताई दर वेळी गंभीर चेहऱ्याने सांगायची, सरळ. एकदा म्हणाली, “किंचित डावीकडे.” तो तर शेडच्या पत्र्यावर वाजला होता. पण तो पत्रा सकाळभर कुणाकुणाच्या चेंडूने वाजतच असतो. शेजारच्या कप्प्यात एक दातांचे डॉक्टर सराव करत होते. पत्रा वाजल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने हातमोजा नीट करायला लागले. गोल्फच्या सरावाच्या या मैदानावर तशी रीतच आहे. कुणी विचारल्याशिवाय कुणाच्या स्विंगबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ज्याचा त्याचा चेंडू, ज्याचं त्याचं दुखणं.

मी मात्र या रीतीतली नाही. मी जन्मभर बसमध्ये कंडक्टर. आवाज मोठा आणि तोंड फटकळ, दोन्ही नोकरीनेच दिलेलं. रविवारी गर्दी कमी असते म्हणून बायकांच्या माथी रविवारची ड्यूटी मारायची ही आमच्या डेपोची खोड. त्यामुळे ताई आणि भाऊजी दर रविवारी सकाळी इकडे यायचे तेव्हा मी घंटी वाजवत शहर पालथं घालत असायचे. त्या महिन्यात मी निवृत्त झाले आणि वर्षा-दीड वर्षाने पहिल्यांदा त्यांच्याबरोबर आले.

भाऊजींबद्दल सांगायचं तर माणूस लिफ्टचा मेकॅनिक. सगळं आयुष्य गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत गेलं. बोलणं जेवढ्यास तेवढं. लग्न ठरलं तेव्हा आमचे वडील म्हणाले होते, मुलगा शांत आहे. त्यावर मी म्हटलं, शांत कसला, बंद आहे! ताईने मला चिमटा काढला होता. पण पुढे तिलाही ते मान्य करावं लागलं. हा माणूस वाईट नव्हता. पगार तिच्या हातात, व्यसन नाही, कधी आवाज चढवला नाही. फक्त तिला कधी काही विचारलं नाही. घराला रंग कुठला द्यायचा, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, मुलगा परदेशी निघाला तेव्हा अडवायचं की जाऊ द्यायचं, सगळं भाऊजी मनातल्या मनात ठरवणार आणि जेवताना सांगणार. ताई “बरं” म्हणायची.

त्यांच्या कामातली एक गोष्ट मात्र ते रंगात आले की सांगायचे. लिफ्ट मजल्याला अगदी बरोबर लागायला हवी, उंबरठ्याला पाय अडता कामा नये. पण ज्याने वर मोटारीशी बसून ती लावायची त्याला खालचं दार दिसत नाही. मग दाराशी एक माणूस उभा करायचा. तो ओरडणार, “बोटभर वर! जरा खाली! हं, बस्स!” आणि वरच्याने तेवढ्यावरच काम करायचं. “आमच्यात एक नियम आहे,” भाऊजी म्हणायचे. “ओरडणाऱ्यावर शंका घ्यायची नाही. खात्री करायला जो खाली येतो ना, त्याच्याबरोबर परत कुणी काम करत नाही.”

गोल्फचं खूळ लागलं तेही लिफ्टमुळेच. या मैदानाला वरच्या मजल्यावरही कप्पे आहेत आणि तिथे जायला एक म्हातारी लिफ्ट. एकदा तिच्यात इथले कोच अडकले. भारदस्त माणूस, आत घामाघूम होऊन दारावर बुक्क्या मारत होता. भाऊजींनी त्यांना बाहेर काढलं आणि परत अडकू नये म्हणून दिवसभर बसून ती लिफ्ट नीट लावून दिली. कोच इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे भाऊजींच्या हातात एक क्लब दिला. “मारून बघा हो, गंमत म्हणून.” गंमत कसली! भाऊजींच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. रिकामं बसायची त्यांना धास्ती होती. त्यांनी तो क्लब असा धरला की परत सोडलाच नाही.

कोचनी त्यांना शिकवलं तेही त्यांच्या मनासारखं. “एका वेळी एकच गोष्ट डोक्यात ठेवायची. मूठ, पाय, खांदा, मनगट, सगळं एकदम सांभाळायला गेलात तर क्लब हातात राहील, स्विंग राहणार नाही.” भाऊजींना हे लगेच पटलं. लिफ्टचंही तेच असतं म्हणे. एकच स्क्रू फिरवायचा, काय फरक पडला ते बघायचं, मग दुसऱ्याला हात लावायचा. त्यांनी पहिले काही महिने फक्त मुठीवर घालवले. ओल्या साबणाची वडी धरावी तशी धरायची, आवळली की निसटते. घरी लाटणं घेऊन सराव चालायचा आणि पोळ्या लाटायच्या वेळी लाटणं सापडायचं नाही. मग पावलं. मग खांदे. आधी कंबर वळली पाहिजे, हात मागून आले पाहिजेत, हे त्यांनी आरशासमोर इतकं घोटलं की आरशापुढची फरशी घासली गेली.

आणि सगळ्यांत कडक नियम मानेचा. “मान वर करायची नाही,” कोचनी बजावलं होतं. “चेंडू गेला तरी गवताकडेच बघत राहा. कुठे गेला ते बघायचा मोह झाला की संपलं. मान उचलली की खांदा उचलतो आणि सगळं बिघडतं.”

“मग मला कळणार कसं कुठे गेला ते?”

“बघायला कुणाला तरी आणा की बरोबर.”

त्या दिवशी ते घरी आले आणि ताईला म्हणाले, “रविवारी येशील का माझ्याबरोबर? बघायला कुणीतरी हवं.”

ताईने हे मला इतक्यांदा सांगितलंय की ते मी स्वतः ऐकल्यासारखं वाटतं. ती हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहिली होती. मग नवी चप्पल घेतली, उन्हाची टोपी घेतली आणि दर रविवारी पहाटेच उठून थर्मास भरायला लागली. काही दिवसांनी कोच दुसऱ्या गावी निघून गेले. पण ह्या दोघांचं चालूच राहिलं. कप्पा शेवटून दुसरा, बाक ठरलेलं. तो मारणार, ती सांगणार.

तर त्या रविवारी मी उभी राहून हसत होते. मग सहज म्हणून तो पिवळा झेंडा शोधायला लागले. म्हटलं, अलीकडे अलीकडे म्हणते, आहे तरी कुठे? पूर्वी कधीतरी सुट्टी काढून मी यायचे तेव्हा मैदानाच्या मध्यावर होता तो. आता तिथे निळ्या पाट्या उभ्या होत्या. झेंडा कुठेच नव्हता. मी खिडकीपाशी चेंडूंच्या टोपल्या देणाऱ्या माणसाला जाऊन विचारलं.

“पिवळा झेंडा? तो काढला हो मावशी,” तो म्हणाला. “चेंडू गोळा करायच्या गाडीत अडकायचा. बरेच महिने झाले.”



मी परत आले आणि ताईला म्हटलं, “चल, हात धुऊन येऊ.” ती उठली. माझ्या पुढे नीट चालत गेली, पायरी उतरली, मधल्या टोपलीला वळसा घातला. मला वाटलं, छे, मीच काहीतरी भलतं धरून बसलेय. बेसिनपाशी तिला समोर उभी केली आणि दोन बोटं वर केली.

“किती?”

तिने मान किंचित तिरकी केली. भिंतीकडे बघते आहे असं वाटावं इतपत. “दोन,” म्हणाली. मग एकदम माझा हात घट्ट धरला. “तू कशाला असलं विचारतेस?”

“ताई, झेंडा काढून टाकलाय त्यांनी. केव्हाचाच.”

नळ वाहत होता. तो मीच बंद केला.

“मधलं पुसलं गेलंय गं,” शेवटी ती म्हणाली. “आधी एक छोटा ठिपका होता. मला वाटलं चष्म्यालाच काही लागलंय, पुसून पुसून दमले. मग तो वाढत गेला. बाजूचं दिसतं सगळं. चालता येतं, स्वयंपाक करता येतो. जे बघायला जावं तेवढंच नाही दिसत.”

“कधीपासून?”

“गेल्या थंडीच्या आधीपासून.”

“आणि तू गप्प बसलीस? अगं बाई, वेड लागलंय का तुला? डॉक्टरकडे नको का जायला?” माझा आवाज चढला तसं तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

“हळू बोल. ते ऐकतील. तू त्यांना सांगायचं नाहीस.”

“का नाही सांगायचं?”

“कारण मग ते मला आणणार नाहीत.” ती पुटपुटली. “तुला नाही कळायचं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. एवढं एकच विचारतात, कुठे गेला? आणि मी सांगते तेच खरं धरतात. मान वर करून बघत नाहीत. माझ्यावर एवढं विसंबलेलं कुणी नव्हतं गं कधी. सरळ म्हटलं की बरं वाटतं त्यांना. अधूनमधून डावीकडे सांगते, सारखं सरळ सांगितलं तर संशय यायचा.”

आणि ते डावीकडे ऐकून तो बिचारा प्रत्येक वेळी एक स्क्रू उजवीकडे फिरवत होता! मला सगळा उलगडा झाला. हसावं की रडावं कळेना.

“त्यांचा चेहरा दिसतो का तुला?” मी विचारलं.

“तोच तर मध्ये येतो,” ताई म्हणाली.

मी म्हटलं, मी आजच सांगणार. ती म्हणाली, आजचा रविवार होऊ दे, उद्या सांग. आमची तिथे बरीच ओढाताण झाली. शेवटी ती पदराने डोळे पुसून बाहेर निघाली, तशी मीही मुकाट्याने मागे आले. माझा उद्यापर्यंत गप्प बसायचा खरंच विचार होता. पण गप्प बसणं मला जमत असतं तर काय हवं होतं!

“काय खलबतं चालली होती?” भाऊजींनी विचारलं. ते खुशीत होते. “आता बघ हं. आज खांदा थोडा उशिरा उघडतोय. एवढी एकच गोष्ट बदललीय.” त्यांनी पावलं लावली, मूठ सैल केली, सावकाश क्लब मागे नेला. काय सुरेख वळले ते! मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळलं की या माणसाने यावर जीव ओतलाय. क्लब आला, चेंडू उडाला आणि थेट उजवीकडच्या जाळीत गेला.

“कुठे गेला?”

“सरळ,” ताई म्हणाली. “छान गेला.”

“भाऊजी, मान वर करा,” मी म्हटलं.

“अं?”

“मान वर करा आणि स्वतः बघा.”

“ते कशाला? ती आहे ना बघायला.”

“ती आहे म्हणूनच सांगतेय. एकदा मारा आणि बघा.”

त्यांनी रागाने माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नियमाविरुद्ध काहीतरी मी बोलले होते. ताई बाकावर बसल्या बसल्या पदराचं टोक पिळत होती. तिने नको म्हटलं नाही. त्यांनी चेंडू ठेवला, मारला आणि मान वर केली. शेडचा पत्रा वाजला.

“दुसरा मारा,” मी म्हटलं. दुसराही तिकडेच गेला.

भाऊजी बराच वेळ त्या जाळीकडे बघत उभे राहिले. जाळीच्या पायथ्याशी चेंडूंचा ढीग पडला होता. मग ते ताईकडे वळले. “माझी गंमत करत होतीस?” आवाज चढवला नव्हता, तरी ऐकवेना. “इतकी वर्षं मी इथे येऊन घाम गाळतोय. तू सांगतेस त्यावर एकेक गोष्ट बदलतोय. आणि तू मागे बसून...” त्यांनी मैदानाकडे हात केला आणि हात तसाच राहिला. “झेंडा कुठाय?” ते म्हणाले.



ते क्लब तिथेच टाकून ताईच्या समोर येऊन उभे राहिले. अगदी समोर. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यांच्या आईच्या वेळीही नाही. ताईने चेहरा वर केला होता, त्यांच्याकडेच.

“रागावलात का हो?” तिने विचारलं. “बोला ना काहीतरी. मला कळत नाही, रागावलात की काय ते.”

तेव्हा त्यांना समजलं.

डोळ्यांची डॉक्टरीण वयाने लहान होती आणि बोलायला मऊ. पडद्याच्या मधल्या भागात रक्त उतरलंय, तिने सांगितलं. उजव्या डोळ्यात डाग पक्का झालाय, तिथे आता काही करता येणार नाही. डाव्यात थोडं उरलंय, ते इंजेक्शनं देऊन धरून ठेवू. कडेची नजर जाणार नाही. सुरुवातीलाच आला असतात तर बरंच वाचलं असतं, असंही म्हणाली. मग आपलं सहज विचारावं तसं, “घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?”

“आलं होतं,” भाऊजी म्हणाले.

डॉक्टरीण आणि मी त्यांच्याकडे बघायला लागलो.

“भाजीत दोनदा मीठ पडायचं. कपातला चहा बशीत जायचा. टीव्ही तिरकं बसून बघायची, मी म्हटलं मान अवघडेल. एकदा माझ्या शर्टाला बटण लावलं ते भलत्याच जागी. सगळं दिसलं होतं.” ते थांबले. “पण रविवारी विचारलं की ठणठणीत उत्तर यायचं. सरळ. मी म्हटलं, एवढं लांबचं दिसतंय, म्हणजे सगळं ठीक असणार.”

डॉक्टरीण कागदावर लिहायला लागली. ताईने चाचपडत त्यांचा हात धरला. “माझंच चुकलं,” ती म्हणाली.

त्यानंतर रविवार बंद झाले. क्लबची पिशवी कपाटामागे गेली. भाऊजी ताईला इतके जपायला लागले की बघवेना. हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेणार, चहा स्वतः करणार, तिला सुरीला हात लावू देणार नाहीत. इंजेक्शनाच्या तारखा तोंडपाठ. आणि बोलणं पूर्वीपेक्षा कमी. ताई खिडकीशी बसून राहायची. मी रोज जायची, इकडतिकडच्या गप्पा मारायची, पण ती हूं हूं करायची. एकदा म्हणाली, “मी खोटं बोलले ना. म्हणून आता काही विचारत नाहीत मला.”

माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरात जाऊन मी भाऊजींना गाठलं. ते कांदा चिरत होते, जाडजूड, ओबडधोबड.

“तुम्ही तिला घालवायला बसलायत,” मी म्हटलं.

“मी?” त्यांनी सुरी खाली ठेवली. “अगं, मी काय कमी करतोय तिचं?”

“सगळं करताय. पण डोळ्यांचं दुःख तिने केव्हाच गिळलं होतं. तुमच्या आधी. तिला काय छळतंय माहीत आहे? तुम्ही तिला काही विचारत नाही.”

“आता काय विचारू तिला?” ते म्हणाले. “कुठल्या तोंडाने विचारू? माझ्यासमोर बसून तिचं सगळं जात होतं आणि मी तिला विचारतोय काय, तर माझा बॉल कुठे गेला!” त्यांनी चिरलेला कांदा उगाच एकीकडे सारला. “मान खाली घालून उभा होतो गं. एवढी एकच गोष्ट मला नीट जमली.”

मी सुरी घेतली आणि उरलेला कांदा चिरून दिला. जाताना एवढंच म्हटलं, “ऐकू येतं तिला अजून. कान शाबूत आहेत.”

पुढच्या रविवारी सकाळी दारावर थाप पडली. बघते तर दोघं. भाऊजींच्या खांद्यावर पिशवी, ताईच्या डोक्यावर उन्हाची टोपी. “थर्मास तू आण,” भाऊजी म्हणाले. “माझा चहा हिला आवडत नाही.”

“काढा करता तुम्ही,” ताई म्हणाली.

कप्पा शेवटून दुसरा मोकळाच होता. दातांच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि या वेळीही काही बोलले नाहीत. भाऊजींनी टोपली ठेवली, ताईला बाकावर बसवलं, चेंडू टीवर ठेवला आणि पुष्कळ वेळ नुसतेच उभे राहिले. मग मारला.

“कसा लागला?” त्यांनी विचारलं.

ताई गडबडली. तिला दुसरा प्रश्न अपेक्षित होता. “अं... ठप्प वाजला,” ती म्हणाली. “नीट नाही लागला.”

“उजवीकडे गेला,” भाऊजी म्हणाले. मान वर केली होती त्यांनी. “पार जाळीत.”

दुसरा मारला. “आता?”

“जरा बरा. पण आधी मॅटला घासल्यासारखा आवाज आला.”

“बरोबर. जमिनीवरूनच सरपटत गेला. तिकडे दोन साळुंक्या बसल्यात, त्यांच्या पायांतून गेला. उडाल्यासुद्धा नाहीत.”

ताई हसली. किती दिवसांनी हसली! भाऊजी मारत राहिले, मान उचलत राहिले आणि एकही चेंडू धड जाईना. इतकी वर्षं घोटलेला स्विंग पार मोडीत निघाला होता. ती सांगायची कसा लागला, ते सांगायचे कुठे गेला. त्यांना एवढं सलग बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. निळी पाटी, ट्रॅक्टरवरचा गडी, पलीकडच्या रस्त्यावरून जाणारी माझीच जुनी बस, सगळं सांगत होते. मध्येच एक फसला, टीवरून घरंगळून पावलांपाशीच थांबला. भाऊजींनी माझ्याकडे बघून डोळा मारला. “हा सरळ गेला,” ते म्हणाले. “पिवळ्या झेंड्याच्या जरा अलीकडे.”

“खोटं!” ताई म्हणाली. “टपकन पडला. तुमच्या पायापाशीच असेल.”

आम्ही तिघंही हसलो. मग भाऊजींनी क्लब बाकाला टेकवला आणि ताईसमोर गेले. तिने चेहरा वर केला, आवाज होता तिकडे. बरोबर मध्यावर.

“मी कुठे उभा राहिलो तर दिसेन तुला?” त्यांनी विचारलं.

ताईने टोपी मागे सारली. मग म्हणाली, “बाजूला व्हा. डावीकडे. माझ्या डावीकडे.”

ते सरकले. “इथे?”

“अजून थोडं.”

“आता?”

“जास्त झालं. बोटभर मागे या.” तिने मान तिरकी केली, समोर दूर जाळीकडे नजर लावून. “हं. बस्स. आता हलू नका.”

भाऊजी थांबले. ती कितीतरी वेळ जाळीकडे बघत त्यांना बघत राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “केस किती पांढरे झाले हो तुमचे. सगळेच झाले की.”

भाऊजींचा हात केसांकडे जायला लागला.

“डोकं हलवू नका,” ताई म्हणाली.

त्यांनी हात खाली घेतला आणि ती म्हणेपर्यंत तसेच उभे राहिले. टोपली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती. ती मी उचलली आणि खिडकीवर परत देऊन आले.